अलर्ट सगळे हिरवे, रिसेप्शनवर रांग – ऑटोमेशन करताना धंद्यावरचा परिणाम कसा धरता?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिलाच धागा, चूकभूल सांभाळून घ्या. मी पणजीत एका हॉटेल ग्रुपच्या आयटीत आहे (नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे). सहा हॉटेलं, चार उत्तर गोव्यात दोन दक्षिणेत, आणि आयटीत आम्ही पाच जण, त्यातला एक कायम कुठल्यातरी छपरावर वायफायचा डबा बदलत असतो.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की मॉनिटरिंग ऑटोमेट करा, माणसांनी रात्रभर स्क्रीन बघत बसायचं नाही. टूल आलं, व्हेंडर आला, तीन दिवस ट्रेनिंग झालं, आणि आम्ही हौसेने नियम लिहायला घेतले. डिस्क भरली की टेम्प फाइली उडव, सर्व्हिस पडली की चालू कर, सीपीयू दहा मिनिटं नव्वदच्या वर राहिला की अॅप्लिकेशन रिस्टार्ट कर. हा शेवटचा नियम मी लिहिलेला, कबूल करतो.

आता हॉटेलाबाहेरच्यांसाठी सांगतो, नाइट ऑडिट नावाचा प्रकार असतो. रात्री दोनच्या आसपास हॉटेलचं मुख्य सॉफ्टवेअर, आम्ही त्याला पीएमएस म्हणतो, ते दिवस बंद करतं, म्हणजे प्रत्येक खोलीच्या बिलावर त्या रात्रीचं भाडं आणि टॅक्स चढवतं, रेस्टॉरंटची बिलं जुळवतं आणि तारीख एक दिवस पुढे ढकलतं. हे चालू असताना सीपीयू चढणारच, त्यात नवल काही नाही. एरवी सहा-सात मिनिटांत उरकतं. एका शनिवारी हॉटेल फुल होतं, त्यात एक लग्न, ऑडिट लांबलं, दहा मिनिटं झाली आणि माझ्या नियमाने इमानेइतबारे मधेच रिस्टार्ट मारला. निम्म्या खोल्यांना भाडं लागलं, निम्म्यांना नाही, तारीख अडकली. रात्रीच्या ऑडिटरने बिचाऱ्याने परत चालवलं तर काहींना दोनदा लागलं. सकाळी लग्नाचं अख्खं वऱ्हाड बॅगा घेऊन लॉबीत, मोपाची फ्लाइट पकडायची घाई, आणि एकाचंही बिल बरोबर नाही.

आणि टूलच्या महिन्याच्या रिपोर्टात ही घटना कशी आली माहितीये? "ऑटो-रिझॉल्व्ड, ४ मिनिटं." यशस्वी ऑटोमेशनच्या यादीत! प्रेझेंटेशनमधे टाळ्या पण पडल्या.

दुसरा किस्सा ३१ डिसेंबरचा. चॅनल मॅनेजर म्हणजे बुकिंग साइटांना किती खोल्या उरल्या ते कळवणारा. प्रोसेस चालू, पोर्ट उघडं, पिंग छान, सगळं हिरवं. फक्त त्याची रांग तुंबलेली, पाच तास एकही मेसेज बाहेर गेला नव्हता. सात खोल्या जास्त विकल्या गेल्या. ३१ डिसेंबरला गोव्यात सात खोल्या शोधून बघा एकदा.

तर प्रश्न असा. डायरेक्टर म्हणतात प्रत्येक नियमासमोर बिझनेस इम्पॅक्टचा कॉलम भरा. टूलमधे हाय, मिडीयम, लो असा ड्रॉपडाउन आहे, आम्ही पाच जण चहा पिता पिता अंदाजाने भरतो. हे कसं करतात खरं?

---

पर्वरीकर | सोमवार, रात्री ११:५९

सीएमडीबी, म्हणजे कुठलं मशीन कुठे, कशासाठी याची नीट नोंदवही, आहे का तुमच्याकडे?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:०३

एक्सेल आहे. त्यात २०१९ ला भंगारात गेलेला सर्व्हर अजून "प्रॉडक्शन" लिहिलेला आहे.

---

पर्वरीकर | मंगळवार, रात्री १२:०४

मग आमच्यासारखंच. शुभरात्री.

---

जुनापाना | मंगळवार, सकाळी ९:२०

रात्रपाळी, धागा छान काढलात. मी मूळचा फोंड्याचा, पुण्यात एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममधे, सोळा वर्षं काढली, त्यातली पहिली चार नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या लाल-हिरव्या पाटीसमोर. थोडं लांबेल, जमेल तसं वाचा.

तुमचा पहिला घोळ शब्दांचा आहे. आयटीआयएलवाले (आयटी सेवा कशी चालवावी याची ठरलेली पद्धत) इव्हेंटचे तीन प्रकार करतात, नुसती माहिती, सावधगिरी, आणि बिघाड. मशीनला हे तिन्ही फक्त मशीनपुरतेच कळतात. सीपीयू ९५ टक्के ही मशीनच्या दृष्टीने सावधगिरी, पण दुपारी तीनला तो काळजीचा विषय असेल आणि रात्री दोनला ती निव्वळ माहिती आहे, उलट रात्री दोनला सीपीयू चढला नाही तर घाबरायचं, कारण याचा अर्थ ऑडिट सुरूच झालं नाही! तोच आकडा, घड्याळ बदललं की अर्थ उलटा. तुमच्या ड्रॉपडाउनमधे घड्याळ कुठेय? सर्व्हरला एकच हाय-मिडीयम-लो चिकटवून भागत नाही, तास आणि तारीख लागते सोबत. आम्ही पगाराच्या तारखा, क्वार्टर एंड, सेलचे दिवस असं कॅलेंडरच नियमांना जोडलेलं.

दुसरं, अवलंबून काय काय आहे ते. काणकोणच्या हॉटेलची लाइन गेली की तिथले सगळे स्विच, कॅमेरे, प्रिंटर, बिलिंग मशीन एकदम ओरडतात. शंभर अलर्ट, कारण एक. नागिऑसमधे पेरेंट, म्हणजे कोण कुणावर अवलंबून ते, सांगता येतो, प्रोमिथियस या दुसऱ्या टूलच्या अलर्टमॅनेजरमधे एक अलर्ट चालू असताना बाकीचे दाबता येतात. हे आधी करा. याला एआय-बीआय लागत नाही, एक संध्याकाळ आणि नेटवर्कचं खरं चित्र लागतं (एक्सेलमधलं नव्हे).

आणि तिसरं, गप्प बसलेल्या गोष्टीचं. तुमचा चॅनल मॅनेजर जिवंत होता पण काम करत नव्हता. प्रोसेस चालू आहे का हे विचारू नका, शेवटचा मेसेज बाहेर कधी गेला ते विचारा. दिवसाढवळ्या वीस मिनिटांत एकही गेला नाही तर ओरडा. याहून पुढचं म्हणजे खोटं बुकिंग करून बघणारा रोबो, दर पंधरा मिनिटांनी एक टेस्ट खोली बुक करायची, साइटवर आकडा उतरला का बघायचं, रद्द करायचं. पण हे जपून, लाइव्ह सिस्टिममधे खोटा पाहुणा सोडताना सगळ्या खात्यांना सांगून ठेवा.

नाइट कॅपिटलचं प्रकरण तुमच्या डायरेक्टरना जरूर सांगा. अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी, १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, एकावर राहून गेला, त्यावरचा जुना मेलेला कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. आता गंमत बघा, बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच सिस्टिमने ९७ ईमेल पाठवले होते, त्यात चूक नावानिशी लिहिलेली. पण ते ईमेल अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, कुणी उघडले नाहीत. इव्हेंट होता, मजकूर होता, वेळही हातात होती. फक्त याने काय बुडेल हे त्या ईमेलात कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणाचा फोनही वाजला नाही.

---

सुंगटांचीकढी | मंगळवार, सकाळी ९:४१

९७ ईमेल म्हणजे आमच्याकडे सकाळच्या पहिल्या चहापर्यंतचे.

---

आबोली | मंगळवार, दुपारी ४:३५

मी आयटीतली नाही, धागा नवऱ्याने दाखवला. फ्रंट ऑफिसला बावीस वर्षं आहे, आता मॅनेजर आहे, हॉटेल रात्रपाळींचं नव्हे (बहुतेक!).

तुम्ही सगळे सर्व्हरकडून काउंटरकडे बघताय, जरा उलटं बघा. दुपारी दोनला चेक-इन सुरू होतं. चार्टर विमानाच्या पाहुण्यांची बस आली की एकदम चाळीस माणसं लॉबीत. त्या वेळी मला लागतं काय, तर पाहुणा स्क्रीनवर दिसायला हवा, पासपोर्ट स्कॅन व्हायला हवा, कार्ड मशीन चालायला हवं आणि खोलीची चावी, म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड, ते बनायला हवं. यातलं चावी बनवायचं यंत्र सगळ्यात स्वस्त, काउंटरखाली धूळ खात पडलेलं असतं. पण ते बंद पडलं ना की बाकी सगळं चालून उपयोग शून्य, माणूस खोलीत जाणार कसा? मास्टर कार्ड घेऊन बेलबॉय चाळीस दारं उघडत फिरतो. तुमच्या यादीत हे यंत्र कुठे आहे सांगा पाहू. आमच्या आयटीच्या यादीत नव्हतंच, कारण ते म्हणे "यूएसबी डिव्हाइस".

उलट ईमेल सर्व्हर बंद पडला की आयटीचे सगळे धावतात कारण साहेबांचा फोन येतो. काउंटरला ईमेल दोन तास नसला तरी चालतो, खरंच चालतो.

परदेशी पाहुणा आल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन जावा लागतो. आमच्याकडे दुपारी इंटरनेट गेलं तर मी गडबडत नाही, रात्री भरते. पण संध्याकाळी सातपर्यंत नाही आलं तर घाम फुटतो, कारण काल संध्याकाळी आलेल्यांची मुदत संपत आलेली असते. म्हणजे तीच लाइन, तासातासाला महाग होत जाते. जुनापाना म्हणतात ते घड्याळ हेच असावं.

आणि पैशाचं विचाराल तर मला आकडे जमत नाहीत, पण आमच्याकडे लॉगबुक असतं. शिफ्ट बदलताना हाताने लिहितो, "२:१० ते २:५० सिस्टिम स्लो, ग्रुप मॅन्युअल केला, पाहुणे वैतागले, ज्यूस दिला." बावीस वर्षांत एकाही आयटीवाल्याने ते वाचायला मागितलेलं नाही.

---

पर्वरीकर | मंगळवार, संध्याकाळी ५:०२

ताई, शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

---

वेर्ण्यातला | मंगळवार, रात्री ९:१५

आमच्याकडे औषधं बनतात, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेट. रिस्टार्टची गोष्ट वाचून अंगावर काटा आला कारण आमचंही झालंय, फक्त आमच्याकडे पाहुणे नाही, ऑडिटर येतात.

औषध कारखान्यात काही सिस्टिम व्हॅलिडेटेड असतात, म्हणजे त्या कशा चालतात ते कागदावर सिद्ध केलेलं असतं आणि अमेरिकेला माल पाठवायचा तर त्यांच्या एफडीएचा, म्हणजे औषध खात्याचा, २१ सीएफआर भाग ११ हा नियम लागू, कुणी, कधी, काय बदललं याची नोंद हवीच. आमच्या सेंट्रल आयटीने, ते गोव्यात बसत नाहीत, सगळ्या प्लांटना एकच ऑटो-रिस्टार्टचा नियम लावला. लॅबच्या डेटा सर्व्हरवरची एक सर्व्हिस वरचेवर लटकायची, स्क्रिप्ट तिला उठवायची, दीड महिन्यात चौदा वेळा. सेंट्रलच्या हिशोबाने चौदा वेळा माणसाचे दहा-दहा मिनिटं वाचले. क्यूएच्या, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या खात्याच्या, हिशोबाने चौदा डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीबाहेर घडलेल्या गोष्टी), प्रत्येकाची चौकशी, त्या वेळी चालू असलेल्या टेस्टचा डेटा अख्खा आहे का याचा पुरावा, सह्या. एकेका डेव्हिएशनला दोन-तीन दिवस कागद चालले. म्हणजे यंत्राचा वेळ वाचला आणि त्याच्या कितीतरी पट माणसांचा गेला, आणि तो ज्या खात्याचा गेला ते आयटीच्या रिपोर्टात येतच नाही!

दुसरी गोष्ट कोल्ड रूमची. दोन ते आठ डिग्री पाळायची असते. तिथला सेन्सर नेटवर्कवर आहे म्हणून त्याचा इव्हेंट आयटीच्या टूलमधे यायचा "डिव्हाइस टेंपरेचर वॉर्निंग" या नावाने. टूलला वाटायचं स्विच गरम झालाय. स्विच गरम झाल्याच्या वॉर्निंगा आम्ही आपोआप बंद करतो, एप्रिल-मेमधे रोजच येतात. नशीब की वेअरहाऊसच्या माणसाने भिंतीवरचा काटा बघितला. नाव बदललं आता त्या इव्हेंटचं, "कोल्ड रूम २, माल धोक्यात" असं सरळ लिहिलंय आणि तो क्यूए आणि वेअरहाऊस दोघांच्या फोनवर जातो, आयटीला नुसती कॉपी. मला विचाराल तर त्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोठं काम हे नाव बदलणं होतं.

---

टिकटिक | मंगळवार, रात्री १०:३०

हे सगळं हाताने कशाला करताय? २०१६ पासून गार्टनरवाले (आयटीतली सल्लागार कंपनी) एआयऑप्स एआयऑप्स करतायत, म्हणजे मॉनिटरिंग एआयवर सोपवा, आता खरंच चांगली टूलं आहेत. नेहमीचं काय ते स्वतः शिकतं, वेगळं दिसलं की सांगतं. नियम लिहायची गरजच नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:१०

टिकटिक, लावलं होतं ना. जूनमधे चालू केलं, जून ते सप्टेंबर शिकलं. पावसात आमची हॉटेलं निम्मी रिकामी. ऑक्टोबर आला, चार्टर आले, आणि त्याला सगळंच वेगळं दिसायला लागलं, बार बिलं वेगळी, वायफाय वेगळं, किचन प्रिंटर वेगळा. आठवडाभर बोंबाबोंब. व्हेंडर म्हणाला धीर धरा, शिकेल. शिकला, नवं वर्ष गेल्यावर.

---

टिकटिक | मंगळवार, रात्री ११:१४

वर्षभराचा डेटा द्यायला हवा होता. पण मान्य, गोव्याचा सीझन त्याला सांगावाच लागणार. गट करायला, डुप्लिकेट काढायला मात्र ही टूलं भारी आहेत, तेवढं तरी वापरा. धंद्याला काय दुखतं ते त्याला आतून कळत नाही हे खरं.

---

खाजनकाठ | बुधवार, सकाळी ७:०५

आयटी कळत नाही, मुलगा त्या लाइनीत आहे म्हणून वाचतो. पण ऑटोमेशन म्हणताय तर आमच्या खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस आठवली. चोडण-दिवाडीच्या बाजूचे समजतील. नदीला भरती आली की पाण्याच्या दाबाने मानशीचं लाकडी दार आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आपोआप उघडतं, शेतातलं जादा पाणी नदीत जातं. ना वीज ना माणूस. जुन्या लोकांनी शेकडो वर्षं चालवलं.

पण तिथे मासेही मिळतात. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो, पैसे बरे येतात. आता ज्याने लिलाव घेतला त्याचा फायदा पाणी आत-बाहेर जास्त होण्यात. मग दार जरा जास्त उघडं ठेवायची सवय लागते, मासळी भरपूर, लिलावाचा आकडा दरसाल वर. आणि आत कोरगुट भाताचं शेत खारटाने मरतं. कोरगुट खारं पाणी थोडं सोसतं, पण थोडंच. मासळीचा हिशोब वहीत असतो, शेत मेलेलं कुणाच्या वहीत नसतं, ते दोन वर्षांनी कळतं जेव्हा शेतकरी नांगर घालणंच सोडतो. शिवाय दार आपोआप चालतं म्हणून बांधावर फेरी मारणं सोडलं की खेकड्यांनी पोखरलेलं कळत नाही, मग एका अमावस्येच्या भरतीला भगदाड.

तुमच्या चार मिनिटांत रिझॉल्व्ड वरून आठवलं एवढंच.

---

वेर्ण्यातला | बुधवार, सकाळी ८:३०

काका, सेंट्रल आयटीला हे मराठीतच फॉरवर्ड करतोय, भाषांतर करत बसू देत त्यांना.

---

हप्तावसुली | बुधवार, सकाळी ११:४५

मी सहकारी पतसंस्थेत, आयटी आणि बाकी सगळंच बघतो. आमचा अनुभव छोटा आहे. डिस्क भरली की जुने लॉग उडवायचे असा नियम व्हेंडरने लावून दिलेला, तीस दिवसांपलीकडचे साफ. डिस्कचा अलर्ट परत कधी आला नाही, सगळे खूष. मग कुणीतरी सांगितलं की सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आम्ही पुरावा आपोआप जाळत होतो आणि त्याचं हिरवं टिकमार्क बघत होतो. रात्रपाळी, तुमच्या टेम्प फाइली उडवणाऱ्या नियमात नेमकं काय काय उडतं ते एकदा बघून घ्या.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:२०

बघितलं. उडत होते. लॉगपण. धन्यवाद, जेवण गेलं नाही.

---

सुंगटांचीकढी | बुधवार, दुपारी १:००

आमचं गेलं. शीतकढी होती.

---

जुनापाना | बुधवार, रात्री ८:५०

स्वतःहून दुरुस्त करणाऱ्या नियमांबद्दल राहिलं सांगायचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप सहा तास गेलेलं आठवत असेल. मेंटेनन्समधल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्क तुटलं, ते झालंच, पण पुढचं बघा. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्यांना, नियम होता, डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर आपण आजारी आहोत असं समजून इंटरनेटवरून स्वतःचा पत्ता काढून घ्यायचा. एखादा सर्व्हर आजारी असताना हा शहाणपणा आहे. सगळ्यांनी एकदम तेच केलं आणि फेसबुक जगाच्या नकाशावरूनच गेलं. नियम लिहिणाऱ्याने "एकाला झालं तर" एवढाच विचार केलेला, "सगळ्यांना एकदम झालं तर" हा नाही.

म्हणून आमच्याकडे कुठलाही नियम पहिला महिना मुका चालायचा. म्हणजे काही करायचं नाही, फक्त लिहायचं की आत्ता मी रिस्टार्ट केला असता. महिन्याने ती यादी घेऊन धंद्याच्या माणसासमोर बसायचं, या या वेळी केला असता, चाललं असतं का? तुमचा सीपीयूचा नियम मुका ठेवला असता तर पहिल्याच आठवड्यात रात्री दोनच्या नोंदी दिसल्या असत्या. नंतर चालू केला तरी तासाला एकदाच, दिवसात तीनदाच, त्यापुढे माणसाला उठवायचं, आणि रिस्टार्टच्या आधी बघायचं की एखादं काम अर्धवट आहे का.

आणखी एक, पहारेकऱ्यावर पहारा ठेवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटच्या माणसाकडून चुकून चालू डेटाबेस उडाला, बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. बॅकअप फेल झाल्याचे ईमेल निघत होते, पण ते ईमेलच नाकारले जात होते, डीमार्कच्या (ईमेल खरा की खोटा ते तपासायची पद्धत) भानगडीमुळे, त्यामुळे कुणाला पोचलेच नाहीत. ईमेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललेले. म्हणून आम्ही उलट करतो, सगळं ठीक आहे असा मेसेज रोज यायलाच हवा, नाही आला की फोन वाजतो.

---

टिकटिक | बुधवार, रात्री ९:३०

+१, मुका महिना चोरतोय.

---

आबोली | गुरुवार, दुपारी ३:१०

रात्रपाळी, लॉगबुक मागितलंत का तुमच्या फ्रंट ऑफिसकडे? नुसतं मागू नका हां, दोन ते चार उभे राहा काउंटरमागे, मधे मधे न करता. आणि लॉगबुक मागताना चहा न्या, कारण त्यात तुमच्याबद्दल पण लिहिलेलं असेल.

---

रात्रपाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १:२०

मंडळी, आलो परत. आबोलीताईंचं ऐकलं. चहा नेला, सोबत पॅटीस नेले.

दोन हॉटेलांची तीन महिन्यांची लॉगबुकं घेतली, एक बांबोळीकडचं, एक दक्षिणेतलं. "सिस्टिम", "नेट", "मशीन", "चावी" हे शब्द जिथे आले त्या ओळी वहीत उतरवून काढल्या, वेळेसकट. आणि त्या वेळेला आमच्या टूलमधे काय नोंद आहे ते समोर लिहिलं. काउंटर खरोखर अडलं अशा एकोणीस नोंदी निघाल्या. त्यातल्या तीनच टूलमधे क्रिटिकल होत्या. सहा वॉर्निंग म्हणून आपोआप बंद झालेल्या. उरलेल्या दहांना टूलमधे काहीच नाही, अक्षरशः काही नाही, आणि त्या दहातल्या पाच चावीच्या यंत्राच्या. ताई, तुम्ही आमच्याच हॉटेलात तर नाही ना?

उलटही बघितलं. त्याच तीन महिन्यांत क्रिटिकल म्हणून आम्हाला झोपेतून उठवणारे अलर्ट सत्तरच्या वर, त्यातले लॉगबुकात उमटलेले तेच तीन. बाकी रात्री आम्ही उठून जे वाचवलं ते नेमकं कुणासाठी वाचवलं कुणास ठाऊक. बायकोला ही यादी दाखवलेली नाही.

मग पैसे मोजायचा नाद सोडला, कारण रुपयांचा आकडा टाकला की मीटिंगमधे सगळे त्या आकड्यावरच भांडतात, मूळ विषय राहतो बाजूला. त्याऐवजी थांबलेली माणसं गुणिले मिनिटं असं धरलं. चाळीस माणसं चाळीस मिनिटं म्हणजे सोळाशे. ईमेल दोन तास बंद, काउंटरवर थांबलेला कुणी नाही, शून्य. डायरेक्टरना हे एका मिनिटात कळलं, ते स्वतः कधीकाळी रिसेप्शनला होते. फक्त अकाउंट्सवाल्यांनी हरकत घेतली की आमच्याकडे कुणी रांगेत उभं राहत नाही म्हणून आमचा त्रास शून्य का? बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यासाठी महिनाअखेर आणि जीएसटी रिटर्नच्या तारखा कॅलेंडरमधे टाकल्या, अजून समाधान नाही झालेलं त्यांचं, चालू आहे.

हाय-मिडीयम-लोचा ड्रॉपडाउन काढून टाकला. आता नियम लिहिताना एक वाक्य लिहायचं, "हे बंद पडलं तर कोण, कुठे, किती वाजता अडतो", आणि ज्याचं नाव लिहिलं त्याला वाचून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात बावीस नियमांना हे वाक्य लिहिताच आलं नाही, कोण अडतो तेच माहीत नाही. ते बावीस मुके केलेत. दोन आठवडे झाले, अजून कुणी विचारायला आलेलं नाही.

सीपीयूचा नियम दीड ते साडेचारमधे बंद, आणि ऑडिट चालू असेल तर कधीच नाही. शिवाय सव्वातीनपर्यंत तारीख पुढे गेली नाही तर मला फोन. परवा आला तो फोन. उठलो, बघितलं तर ऑडिटर जेवायला गेलेला, ऑडिट सुरूच केलं नव्हतं!

आणि हो, खोटं बुकिंगवाला रोबोपण सोडला. चॅनल मॅनेजर एकदा तुंबला तो अठरा मिनिटांत कळला. जुनापानांनी सगळ्या खात्यांना सांगा म्हटलं होतं, आम्ही फ्रंट ऑफिस, रिझर्व्हेशन, अकाउंट्स सगळ्यांना सांगितलं, हाउसकीपिंग राहिलं. रोबोच्या बुकिंगला चुकून व्हीआयपी कोड लागलेला. संध्याकाळी रूम ३१४ मधे श्रीयुत टेस्ट पाहुणे यांच्यासाठी फळांची टोपली, हाताने लिहिलेलं वेलकम कार्ड आणि बेबिंका, आपला गोव्याचा थरांचा केक.

---

जुनापाना | रविवार, सकाळी ८:१५

सांगितलं होतं! आता हाउसकीपिंगलापण त्या वाक्यात घ्या.

---

आबोली | रविवार, सकाळी ९:४०

एकोणीसमधे पाच चावीचे ऐकून बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं, पण बरं वाटलं. एक सांगा, ती बेबिंका कुणी खाल्ली?

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:४२

आयडी बघा ना माझा.